जीव वाचला, पण झोप गेली ती गेलीच: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतरच्या आहाराबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती की झोपेबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. एवढ्या ओळीवर जी पत्रं आणि मेल आले ते वाचून मलाच दडपण आलं. आणि जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, घरचे म्हणतात "जीव वाचला ना, मग झोपेचं काय घेऊन बसलात". हे ऐकलं की माणूस गप्प बसतो. फॉलोअपला डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात, त्यात रिपोर्ट, मार्कर म्हणजे कॅन्सरची रक्तचाचणी, पुढची तारीख एवढंच होतं, झोपेचा विषय निघतच नाही आणि डॉक्टरही आपणहून विचारत नाहीत.

म्हणून आधीच सांगते, हे तुमच्या एकट्याचं नाहीये. कॅनडात क्वेबेकमध्ये कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेल्या ९६२ पेशंटांच्या झोपेचा दीड वर्ष पाठपुरावा केला होता, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुरुवातीला ५९ टक्के लोकांना निद्रानाशाची लक्षणं होती आणि १८ महिन्यांनी, म्हणजे बहुतेकांची ट्रीटमेंट संपून गेल्यावरसुद्धा ३६ टक्क्यांना होतीच. वाट बघून सगळ्यांचं आपोआप जात नाही. पण याला ट्रीटमेंट आहे आणि ती मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, जीव वाचला म्हणून तो संपत नाही.

नावं अर्थातच देत नाहीये, पत्रं थोडी छोटी केलीयेत.

प्रश्न: मी ४७ वर्षांची, धायरीला राहते. दोन वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता रोज टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हॉर्मोन रोखणारी गोळी, चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत. पण रात्री १० ला पडते ती साडेबारापर्यंत नुसती कूस बदलत राहते, मग कुठे डोळा लागतो तर २ वाजता अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, गाऊन ओलाचिंब, उठून बदलते आणि मग झोप नाहीच. मोबाईलवर परत आलाय का याची लक्षणं वाचत बसते. पहाटे कधीतरी लागते, मग सकाळी ८ पर्यंत लोळते, मिस्टर स्वतः डबा करून जातात त्याचंही वाईट वाटतं. दुपारी दोन तास झोपते नाहीतर उभं राहवत नाही. वन बीएचके आहे, हॉलमध्ये सासूबाई झोपतात त्यामुळे रात्री उठून जायचं तरी कुठे? मैत्रीण म्हणते अश्वगंधा घे. घेऊ का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक म्हणजे २ वाजताच्या वाफा आणि दुसरं म्हणजे त्या वाफांनंतर लागलेली न झोपायची सवय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

वाफांचं आधी. टॅमॉक्सिफेनने हॉट फ्लश येतात हे डॉक्टरांना नवीन नाही, पण रात्री किती वेळा येतात आणि त्याने झोप मोडते हे तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? पुढच्या फॉलोअपला हे पहिलं वाक्य म्हणून बोला, रिपोर्ट दाखवायच्या आधी. यावर बिगर-हॉर्मोनची औषधं आहेत, व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन ही त्यातली जास्त वापरली जाणारी, रात्रीचा त्रास जास्त असेल तर गॅबापेंटिन रात्री देतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा: डिप्रेशनवरची काही औषधं, खास करून पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, टॅमॉक्सिफेनच्या आड येतात, शरीरात त्याचं जे कामाचं रूप तयार व्हावं लागतं ते नीट होऊ देत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दाताच्या किंवा मानसोपचाराच्या, तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगायचं. आणि वाफांना कंटाळून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, मला माहितीये बऱ्याच जणी गुपचूप करतात. गोळी बदलायची असेल, थांबवायची असेल, तर ते ऑन्कॉलॉजिस्टबरोबर, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांबरोबर, बसून ठरवायचं. तोवर सुती गाऊन, उशाशी दुसरा कोरडा गाऊन आणि छोटा टॉवेल ठेवा म्हणजे अंधारात कपाट उघडून दिवा लावून झोप पूर्ण उडवून घ्यायला नको. जाड गोधडीऐवजी दोन पातळ चादरी, एक सहज बाजूला करता येते.

आता दुसरी गोष्ट आणि माझ्या मते तुमच्याबाबतीत हीच मोठी. आर्थर स्पिलमन म्हणून अमेरिकेतले झोपेचे तज्ज्ञ होते, त्यांनी मांडलेला एक सोपा विचार आहे की निद्रानाश सुरू होतो एका कारणाने आणि टिकतो दुसऱ्याच कारणाने. तुमचा सुरू झाला आजार, केमो, वाफा आणि भीतीने. पण आज तो टिकलाय तो १० ला पडण्याने, ८ पर्यंत लोळण्याने, दुपारच्या दोन तासांनी आणि अंथरुणात मोबाईलने. तुम्ही आळशी आहात असं अजिबात म्हणत नाहीये, झोप कमी पडली की माणूस ती मिळेल तिथून गोळा करायला बघतो, कोणीही तेच करेल. पण होतं काय की १० तास गादीवर आणि त्यातले धड पाच झोपेचे, बाकीचे पाच तास जागं राहून काळजी करायचे, मग शरीराला गादी दिसली की काळजीचीच आठवण येते.

यासाठी सीबीटी-आय नावाची पद्धत आहे, म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तन आणि विचारांवर काम करणारी थेरपी. साधारण सहा ते आठ भेटींत होते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशात पहिला उपाय हाच, गोळी नंतर. कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांवरही ती तपासली गेलीये आणि चालते. पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भरपूर आहेत, फोन करताना "काउन्सेलिंग करता का" असं मोघम विचारू नका, "निद्रानाशासाठी सीबीटी करता का" असंच विचारा.

ती कशी चालते ते थोडक्यात सांगते म्हणजे घाबरायला होणार नाही. आधी एक-दोन आठवडे वहीत लिहायचं, किती वाजता पडले, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वेळा उठले, सकाळी कधी उठले. घड्याळ बघून मिनिटं मोजायची नाहीत, सकाळी आठवेल तसं अंदाजे लिहायचं. समजा सरासरी साडेपाच तास झोप निघाली तर गादीवरचा वेळही तेवढाच करायचा, सहा तास म्हणू. म्हणजे तुम्ही रात्री १२ ला पडायचं आणि सकाळी ६ ला उठायचं, रात्र कशीही गेली तरी ६ म्हणजे ६, रविवारीसुद्धा. दुपारची झोप शक्यतो नाहीच, अगदीच डोळे मिटायला लागले तर ३ च्या आधी गजर लावून वीस मिनिटं, त्यावर नाही. गादीवरच्या वेळातला ८५ टक्क्यांच्या वर वेळ झोपेत जायला लागला की पंधरा-वीस मिनिटं वाढवायची, असं हळूहळू वाढवत जायचं. पहिले दोन आठवडे जड जातात, खोटं कशाला सांगू, दिवसा पेंग येते आणि सोडून द्यावंसं वाटतं. त्या काळात टू-व्हीलर चालवू नका, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर नकोच, रिक्षा करा किंवा बसने जा. फिट्स येणाऱ्यांनी किंवा बायपोलरचा आजार असणाऱ्यांनी हे स्वतःचं स्वतः करायचं नाही, इतरांनीही पाच तासांच्या खाली जायचं नाही.

आणि झोप येत नसेल तर गादीवर तळमळत पडायचं नाही, उठायचं. आता तुमचा प्रश्न, जायचं कुठे. स्वयंपाकघरात एक खुर्ची ठेवा, झिरोचा बल्ब लावा, सासूबाईंना दिवसाच सांगून ठेवा की रात्री मी उठले तर काळजी करू नका आणि उठूनही येऊ नका. तिथे बसून काय करायचं तर असं काहीतरी ज्यात हात गुंततील आणि डोकं गुंतणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी फुलवाती वळत बसायच्या, मला तो उपाय फार आवडला, कारण त्याला सुरी लागत नाही, उजेड लागत नाही आणि ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर ताणही येत नाही. पेंग आली की परत गादीवर. मोबाईल मात्र हॉलमध्ये चार्जिंगला, गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा.

परत आलाय का ही भीती राहिली. ती खोटी नाही आणि "विचार करू नकोस" म्हणून जाणारीही नाही. तिला संध्याकाळची एक वेळ द्या, ६ ते साडेसहा, वहीत लिहून काढा काय काय वाटतंय आणि त्यातलं डॉक्टरांना विचारण्यासारखं काय आहे. रात्री २ वाजता तेच विचार आले की स्वतःला सांगायचं, उद्या सहाला. पहिल्यांदा हे बालिश वाटतं पण करून बघा.

अश्वगंधा सध्या नको. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी असं नसतं, लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवरही परिणाम होऊ शकतो. वैद्यांचं काही घ्यायचंच असेल तर ते ऑन्कॉलॉजिस्टला दाखवूनच. त्यापेक्षा सकाळी ६ ला उठल्यावर अर्धा तास उन्हात चाला, आणि हलक्या योगासनांचा क्लास लावा. अमेरिकेत ४१० कॅन्सर सर्व्हायव्हर्सवर, त्यात बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायका होत्या, चार आठवडे आठवड्यातून दोनदा सौम्य योगाचा प्रयोग केला होता, २०१३ मध्ये तो छापून आला, योग करणाऱ्यांची झोप सुधारली आणि झोपेच्या गोळ्या कमी झाल्या. अय्यंगार गुरुजींच्या पुण्यात योगशिक्षक शोधायला लांब जायला लागत नाही, फक्त ऑपरेशन झालंय, हात किती वर जातो, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

प्रश्न: ह्यांना तोंडाचा कॅन्सर झाला होता, गुटख्यामुळे. तीन वर्षांपूर्वी जबड्याचं ऑपरेशन झालं, मांडीचं मांस काढून लावलं, मग गळ्यावर रेडिएशन. वय ५२. भोसरीला कंपनीत मशिनवर आहेत. आता रात्री भयंकर घोरतात, मध्येच एकदम शांत होतात, श्वासच नाही असं वाटतं आणि मग गुदमरल्यासारखे उठून बसतात. तोंड कोरडं पडतं म्हणून सारखं पाणी पितात आणि सारखं लघवीला जातात. दिवसा बसल्या बसल्या झोपतात. सासरे म्हणतात घोरतोय म्हणजे गाढ झोप लागतीये, तू उगाच काहीतरी काढतेस. जवळच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीये, ती घेतली की घोरणं अजूनच वाढतं.

उत्तर: ताई, तुम्ही उगाच काही काढत नाही आहात. तुम्ही जे लिहिलंय ते स्लीप ॲप्नियाचं अगदी नेमकं वर्णन आहे, म्हणजे झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागं करतो आणि हे रात्रभर चालतं. जबड्याचं ऑपरेशन, बाहेरून आणून लावलेलं मांस, रेडिएशनने आलेली सूज आणि कडकपणा, या सगळ्याने घशातली जागा अरुंद होते. म्हणून तोंडाचा आणि गळ्याचा कॅन्सर होऊन गेलेल्यांत हे बरंच दिसतं, आणि ते बारीक असले तरी होऊ शकतं, नुसत्या जाड माणसांचा हा आजार नाही.

ती झोपेची गोळी आज रात्रीपासून द्यायची का नाही हे ज्यांनी दिली त्यांना लगेच फोन करून विचारा, घोरणं वाढतंय आणि श्वास थांबतोय हे शब्द वापरून. झोपेच्या बऱ्याच गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, ॲप्नियात त्या धोक्याच्या ठरतात. रोज घेत असतील आणि बरेच दिवस झाले असतील तर एकदम तोडण्याबद्दलही त्यांनाच विचारा. दारू असेल तर ती मात्र पूर्ण बंद, त्यात विचारण्यासारखं काही नाही.

मग एक काम करा. रात्री ते झोपल्यावर मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, घोरणं, थांबणं आणि दचकून उठणं त्यात आलं पाहिजे. तो व्हिडिओ घेऊन त्यांच्या कॅन्सर सर्जनकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. सासऱ्यांनाही दाखवा, न बोलता. डॉक्टर आधी घशात दुर्बिणीने बघतील, कारण नव्याने घोरणं सुरू झालं तर तिथे परत काही वाढलं नाहीये ना हेही बघून घ्यावं लागतं, आणि मग स्लीप स्टडी सांगतील. ती पुण्यात बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत होते, काही प्रकारची तर घरी मशीन लावूनही होते. ॲप्निया निघाला तर सी-पॅप मशीन देतात, नाकावर मास्क आणि त्यातून हवेचा दाब. जबड्याचा आकार बदललेला असल्यामुळे पहिला मास्क नीट बसेलच असं नाही, हवा गळते, गालावर घासतो, आणि इथेच लोक मशीन कपाटावर ठेवून देतात. तसं करू नका, मास्कचे बरेच प्रकार असतात, दोन-तीन लावून बघायचा आग्रह धरा. आणि हवा ओलसर करणारं ह्युमिडिफायर असलेलं मशीन घ्या, त्यांचं तोंड आधीच कोरडं आहे.

रक्ताची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची, तपासणी झालीये का बघा. गळ्यावर रेडिएशन झालेल्या बऱ्याच जणांचा थायरॉइड पुढे काही वर्षांत मंदावतो, म्हणून दर ६ ते १२ महिन्यांनी ती करायची असते. थायरॉइड कमी असेल तर दिवसभर पेंग, वजन वाढणं, घोरणं सगळ्यात भर पडते आणि उपाय म्हणजे सकाळची एक गोळी.

निदान होईपर्यंत मशिनवरच्या कामाचं काय हे फार महत्त्वाचं आहे. दिवसा बसल्या बसल्या झोप लागणाऱ्या माणसाने मशिनमध्ये हात घालणं मला ऐकवतही नाही. कंपनीच्या डॉक्टरांना सांगून तेवढे दिवस दुसरं काम मागून घ्या, आणि भोसरी ते घर गाडी त्यांनी चालवायची नाही.

प्रश्न: वय ७१, सहकारनगर. प्रोस्टेटचा कॅन्सर होता, रेडिएशन झालं आणि दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचं इंजेक्शन चालू आहे. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तचाचणी, छान खाली आहे. लिहायला संकोच वाटतो, पण रात्री मला बायकांना पाळी जाताना येतो तसा घाम येतो. पुरुषाला असं होतं का? शिवाय चार वेळा लघवीला उठतो. बरेच वर्षांपासून झोपेसाठी अल्प्राझोलमची गोळी घेतो, नेहमीचा केमिस्ट ओळखीचा आहे तो देतो. हल्ली एक गोळी पुरत नाही.

उत्तर: काका, होतं, आणि त्या इंजेक्शनवर असलेल्या बहुतेक पुरुषांना होतं. इंजेक्शनचं काम टेस्टोस्टेरॉन एकदम खाली आणणं हेच आहे, आणि हॉर्मोन अचानक उतरलं की शरीराचा थर्मोस्टॅट बिघडतो, मग ती बाई असो की पुरुष. यात लाजण्यासारखं काही नाही. युरॉलॉजिस्टना अशाच शब्दांत सांगा, औषधं आहेत.

लघवीसाठी: संध्याकाळी ६ नंतरचा चहा बंद, रात्रीचं पाणी गोळ्यांपुरतं, आणि पायावर सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उंच ठेवून बसा, नाहीतर दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झालं की लघवीवाटे बाहेर पडतं. बीपीची पाण्याची गोळी असेल तर ती सकाळी घेता येते का हे विचारा. एवढं करूनही चार वेळा उठावं लागत असेल तर तपासणी हवी, साखरेचीही.

आता गोळी. एक पुरत नाही म्हणताय ना, शरीराला सवय झाल्याची तीच खूण. मला काळजी वाटते ती एका विशिष्ट गोष्टीची: हॉर्मोनच्या इंजेक्शनने हाडं विरळ होतात, अल्प्राझोलमने रात्री तोल जातो, आणि तुम्ही अंधारात चार वेळा बाथरूमला जाता. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे कॅन्सरमधून वाचलेला माणूस एका पायपुसण्यावरून घसरून अंथरुणाला खिळणं. त्यामुळे आज संध्याकाळीच पलंग ते बाथरूम या वाटेवरचं पायपुसणं आणि सतरंजी उचला, पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा ठेवा, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना आठवण करा.

आणि गोळी एकदम बंद करू नका, कृपा करून. बरेच वर्षं घेतलेली अल्प्राझोलम एका रात्रीत तोडली तर घबराट, थरथर, प्रसंगी फिटसुद्धा येऊ शकते. ती मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने, काही वेळा महिन्या-महिन्याने थोडी थोडी कमी करायची असते आणि त्याच काळात वर धायरीच्या ताईंना सांगितलेली थेरपी सुरू करायची, फक्त तुमच्या वयाला गादीवरचा वेळ एकदम एवढा कापायचा नाही, हलक्या हाताने. ओळखीच्या केमिस्टबद्दलही बोलते: अल्प्राझोलम आणि झोल्पिडेम ही झोपेची दुसरी गोळी २०१४ पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत आणि दिलेल्या प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवायची असा नियम आहे. तो तुमच्यावर उपकार करत नाहीये काका.

प्रश्न: मी ३४, हिंजवडीत आयटीमध्ये. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, झाला होता, केमो आणि छातीवर रेडिएशन, चार वर्षं क्लिअर आहे. माझा प्रॉब्लेम उलटा आहे, १० तास झोपतो तरी थकलेलाच. प्रोजेक्ट यूएसचा असल्यामुळे आठवड्याआड नाइट शिफ्ट. मॅनेजर म्हणतो आता तू नॉर्मल आहेस. आणि एक भीती, नाइट शिफ्टने कॅन्सर होतो असं वाचलं, खरंय का?

उत्तर: दहा तास झोपून जो जात नाही तो थकवा बहुतेक वेळा झोपेचे तास कमी पडल्याचा नसतो, त्यामुळे बारा तास झोपून तो जाणारही नाही. कॅन्सरनंतरचा थकवा ही वेगळी गोष्ट आहे आणि ट्रीटमेंट संपल्यावर काही वर्षं राहू शकते. पण आधी बाकीची कारणं तपासून घ्या: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, आणि तुमच्याबाबतीत हृदयसुद्धा, कारण लिम्फोमाच्या केमोत साधारणपणे डॉक्सोरुबिसिन नावाचं औषध असतं आणि छातीवरचं रेडिएशनही झालंय, दोन्हींचा हृदयावर उशिरा परिणाम होऊ शकतो. जिना चढताना धाप लागत असेल, आडवं पडल्यावर श्वास कोंडत असेल, पाय सुजत असतील तर वाट बघू नका, टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल तर तेही सांगा, डिप्रेशन कित्येकदा थकव्याच्या वेषात येतं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास फुकट आणि मराठीत बोलता येतं.

सगळं नॉर्मल निघालं तर थकव्यावर सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, हे थकलेल्या माणसाला सांगताना मलाही कसंतरी होतं. पण सुरुवात दहा मिनिटांची करा, सपाटीवर, वेताळ टेकडी नंतर.

नाइट शिफ्टबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि परत तपासून २०१९ मध्ये, रात्रपाळीला "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलंय हे खरं आहे. त्यातला पुरावा मुख्यतः ब्रेस्ट, प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दलचा आहे. तुमचा लिम्फोमा तुमच्या नाइट शिफ्टने परत येईल असा अर्थ त्यातून निघत नाही, त्या भीतीने राजीनामा लिहू नका. पण आठवड्याआड दिवस-रात्र उलटसुलट केली तर धडधाकट माणसाचंही झोपेचं चक्र रुळावर येत नाही, तुमचं कसं येणार? ऑन्कॉलॉजिस्टकडून कायम दिवसपाळीसाठी लेखी पत्र घ्या आणि मॅनेजरला नाही, एचआरला मेल करून द्या, तोंडी काही नको. तुम्ही बरे झालात, पण नॉर्मल झालात की नाही हे मॅनेजरने ठरवायचं नाही.

प्रश्न: आतड्याच्या कॅन्सरनंतर पोटावर कायमची बॅग आहे. वय ५९, हडपसर. रात्री बॅग सुटेल, गादी खराब होईल, सुनेला धुवायला लागेल या भीतीने मी एका अंगावर ताठ पडून राहते. हे कोणाला सांगणार?

उत्तर: बरं झालं मला सांगितलंत. ही भीती बॅग असलेल्या खूप जणांना असते आणि ती बऱ्यापैकी कमी करता येते. रात्रीचं जेवण साडेसात-आठलाच उरका आणि कमीच जेवा, गॅस करणारं म्हणजे राजमा, कोबी, सोडा दुपारपर्यंतच. झोपायच्या आधी बॅग रिकामी करा, भले थोडीशीच भरलेली असो, आणि कडा सगळीकडून चिकटल्यात का हाताने चाचपून बघा. रात्री एकदा आपसूक जाग आली तर परत रिकामी करून या. गादीवर मेणकापड आणि त्यावर जुनी धुतलेली सुती साडी दुहेरी करून घाला, गळालंच तर साडी उचलून बादलीत, गादीला काही होत नाही आणि सुनेला उठवायला लागत नाही. पाठीवर किंवा कुशीवर झोपलेलं चालतं, बॅगच्या बाजूच्या कुशीवरही बऱ्याच जणांना चालतं, पोटाशी छोटी उशी धरून बघा. बॅग वारंवार सुटत असेल तर चूक तुमची नसते, बहुतेक वेळा भोकाचं माप आता बदललेलं असतं, कारण ऑपरेशननंतरची सूज उतरली की स्टोमा, म्हणजे पोटावरचं आतड्याचं तोंड, लहान होतो. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या स्टोमा नर्सकडून माप परत घेऊन या आणि जाताना वापरलेली एक बॅग पिशवीत घालून न्या, कुठल्या बाजूने गळते ते त्यांना लगेच कळतं.